एन्लार्ज कुठे वापरायचं आणि कुठे नाही: 'मोठं करणे'साठीच्या इंग्रजी क्रियापदांचं सविस्तर गाईड

मराठीत आपण आवाज वाढवतो, पगार वाढवतो, मुदत वाढवतो, दाढी वाढवतो, मुलांना वाढवतो आणि ताटही वाढतो. एकाच धातूवर एवढं सगळं चालून जातं. मग इंग्रजी लिहायला बसलो की डोकं असाच एखादा सगळीकडे चालणारा शब्द शोधायला लागतं, डिक्शनरीत 'मोठे करणे'समोर एन्लार्ज दिसतो आणि तोच सगळीकडे चिकटवला जातो. एन्लार्ज द व्हॉल्यूम, एन्लार्ज माय सॅलरी, एन्लार्ज द डेट. समोरच्याला अर्थ कळतो, पण वाक्य कानाला खटकतं, आणि ऑफिसच्या मेलमध्ये किंवा परीक्षेच्या पेपरात ते खटकणं महागात पडतं.

इंग्रजीत यासाठी एक क्रियापद नाही, आठ-दहा आहेत, आणि त्यातलं कुठलं घ्यायचं हे 'काय वाढतंय' यावर ठरतं. म्हणून क्रियापद पाठ करण्याआधी नामाकडे बघायची सवय लावा. हे एवढं जमलं तर बाकीचं सगळं सोपं जातं, म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या याच सवयीभोवती आहेत.

पायरी १: आधी शब्दाची ओळख

स्पेलिंग ई-एन-एल-ए-आर-जी-ई. सुरुवातीला आय नाही, ई आहे, कारण हा 'एन' म्हणजे एनेबल, एनरिच, एनशुअर यांच्यातलाच, जो पुढच्या शब्दाला 'तसं करणे' असा अर्थ देतो. एनरिच म्हणजे रिच करणे, एन्लार्ज म्हणजे लार्ज करणे. उच्चार करताना जोर दुसऱ्या भागावर, लार्जवर. पहिला भाग हलका, जवळजवळ 'इन्' सारखाच, त्यामुळे ऐकून लिहिणारे हमखास आय लावतात. ब्रिटिश उच्चारात र ऐकू येत नाही, अमेरिकन उच्चारात येतो, दोन्ही बरोबर. भूतकाळ एन्लार्ज्ड, नाम एन्लार्जमेंट, आणि एन्लार्जिंग लिहिताना शेवटचा ई गळतो.

वाइड वरून वाइडन होतं, डीप वरून डीपन होतं, म्हणून काहीजण लार्ज वरून लार्जन किंवा एन्लार्जन असं काहीतरी करतात. प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही, त्यामुळे टाळाच.

अजून एक गोष्ट, आणि ही बरीच गाईडं सांगत नाहीत. एन्लार्ज हा थोडा फॉर्मल शब्द आहे. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे ते घरात बोलताना बहुतेक वेळा सरळ 'मेक इट बिगर' म्हणतात. फॉन्ट मोठा कर म्हणायचं असेल तर 'कॅन यू मेक द टेक्स्ट बिगर?' हे एकदम नैसर्गिक आहे. त्यामुळे बोलताना शब्द आठवला नाही तर अडून बसू नका. एन्लार्जची खरी जागा लेखी सूचना, रिपोर्ट, करार, वैद्यकीय आणि तांत्रिक भाषेत आहे.

पायरी २: काय वाढतंय ते बघा

एन्लार्ज मुख्यतः त्या गोष्टींसाठी ज्यांना आकार किंवा क्षेत्र असतं. फोटो, नकाशा, खोली, खिडकी, भोक, शरीरातला एखादा अवयव. शिवाय काही न दिसणाऱ्या पण 'व्याप' असलेल्या गोष्टी, म्हणजे व्होकॅबुलरी, कलेक्शन, समितीचे सदस्य, एखाद्या विषयाची समज. 'रीडिंग एन्लार्जेस युवर व्होकॅबुलरी' हे छान इंग्रजी आहे.

आकडा वाढत असेल तर एन्लार्ज नाही. पगार, किंमत, वेग, तापमान, लोकसंख्या हे सगळं इन्क्रीज. मुद्दाम कोणी वाढवलं तर रेज पण चालतं, रेज द फी, रेज द सॅलरी. आवाजासाठी टर्न अप द व्हॉल्यूम किंवा इन्क्रीज द व्हॉल्यूम, आणि मशिनने सिग्नल किंवा आवाज मोठा केला जात असेल तर अँप्लिफाय, अँप्लिफायर त्यातूनच आला. लांबी किंवा वेळ वाढत असेल तर एक्स्टेंड: एक्स्टेंड द डेडलाइन, एक्स्टेंड द व्हिसा, एक्स्टेंड द केबल. रुंदी वाढत असेल तर वाइडन, म्हणून रस्ता एन्लार्ज होत नाही, वाइडन होतो.

एक्स्पांड आणि एन्लार्ज यांच्यात मात्र खरा गोंधळ होतो, इथे जरा थांबू. एक्स्पांडमध्ये गोष्ट आतून बाहेर पसरते ही कल्पना आहे. धातू तापला की एक्स्पांड होतो, फुगा एक्स्पांड होतो, बिझनेस नवीन शहरांत एक्स्पांड होतो. एन्लार्जमध्ये बहुतेकदा बाहेरून कोणीतरी ती गोष्ट मोठी करतं, किंवा तिच्यात भर घालतं. म्हणून 'मेटल्स एन्लार्ज व्हेन हीटेड' हे फिजिक्सच्या पेपरात लिहू नका, तिथे एक्स्पांडच हवं. स्वयंपाकघर भिंत पाडून मोठं केलं तर 'वी एन्लार्ज्ड द किचन' एकदम बरोबर. आणि घराला नवीन खोली जोडली तर ब्रिटिश लोक एक्स्टेंड म्हणतात, त्या जोडलेल्या भागालाच एक्स्टेन्शन म्हणतात.

हा फरक किती बारीक पण किती महत्त्वाचा असू शकतो ते राजकारणात दिसतं. युरोपियन युनियनमध्ये नवे देश येतात त्याला अधिकृत शब्द एन्लार्जमेंट आहे. १९७३ साली डेन्मार्क, आयर्लंड आणि युनायटेड किंग्डम आले ती पहिली एन्लार्जमेंट (तेव्हा युनियनचं नाव युरोपियन कम्युनिटीज होतं), २००४ साली एकदम १० देश आले ती सगळ्यात मोठी. नाटोही आपल्या कागदपत्रांत एन्लार्जमेंट म्हणते, पण त्यावर टीका करणारे बऱ्याचदा एक्स्पान्शन म्हणतात, कारण एक्स्पान्शनमध्ये कोणीतरी बाहेर हातपाय पसरतंय असा सूर येतो आणि एन्लार्जमेंटमध्ये सदस्य वाढले इतकाच. घटना तीच, पण शब्दावरून बोलणाऱ्याची बाजू कळते. बातम्या वाचताना याकडे लक्ष ठेवा.

पायरी ३: वस्तू मोठी झाली की फक्त मोठी दिसतेय?

हा प्रश्न विचारला की मॅग्निफाय आणि एन्लार्ज कायमचे वेगळे होतात. भिंगातून मुंगी मोठी दिसते, मुंगी तेवढीच राहते. हे मॅग्निफाय. मायक्रोस्कोपचा आयपीस (डोळ्याजवळची लेन्स) १० एक्स म्हणजे १० पट आणि ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची लेन्स) ४० एक्स असेल तर मॅग्निफिकेशन ४०० एक्स, पण स्लाइडवरची पेशी काही वाढलेली नसते. उलट नकाशाची मोठी प्रिंट काढली की हातात खरोखर मोठा कागद येतो, ते एन्लार्ज.

स्क्रीनवर पण हेच लावा. दोन बोटांनी फोटो मोठा करून बघता तेव्हा तुम्ही झूम इन करता, फाइल तीच राहते. फाइलमधले पिक्सेल सॉफ्टवेअरने वाढवले तर ते अपस्केल किंवा एन्लार्ज. रीसाइज म्हणजे आकार बदलणे, मोठा किंवा लहान कुठलाही, त्यामुळे डिझायनरला नुसतं 'प्लीज रीसाइज' लिहून पाठवलं तर तो परत विचारणारच की मोठा करू का लहान. वेबसाइटवर चित्राखाली 'क्लिक टू एन्लार्ज' लिहिलेलं असतं, तिथे बहुतेकदा मोठी आवृत्ती उघडते म्हणून तो शब्द बरोबर बसतो.

मॅग्निफायला अजून एक अर्थ आहे, एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा गंभीर करून मांडणे किंवा तिचा परिणाम वाढणे. 'फिअर मॅग्निफाइज एव्हरी प्रॉब्लेम.' जुन्या धार्मिक इंग्रजीत तर मॅग्निफाय म्हणजे देवाची थोरवी गाणे. ते वाचताना भिंग डोक्यात आणू नका, तिथे अर्थ स्तुतीचाच घ्यायचा.

पायरी ४: फोटो आणि प्रिंटचं इंग्रजी

एन्लार्ज हा शब्द सगळ्यात घट्ट रुजलाय तो फोटोग्राफीत. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये एन्लार्जर नावाचं मशिन असायचं, त्यात निगेटिव्ह ठेवून वरून प्रकाश सोडायचा, खालच्या फोटो पेपरवर लेन्समधून प्रतिमा पडायची, आणि वरचा भाग जितका उंच न्याल तितकी प्रतिमा मोठी. ३५ मिलिमीटर फिल्मची एक फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर, तिच्यातून ८ बाय १२ इंची प्रिंट काढली म्हणजे प्रत्येक बाजू साधारण साडेआठ पट झाली. त्या प्रिंटलाच एन्लार्जमेंट म्हणायचे, आणि आजही मोठ्या प्रिंटला तेच नाव आहे.

बोलीभाषेत याच कामाला ब्लो अप. 'लेट्स ब्लो अप धिस फोटो.' पण हा शब्द जपून वापरा, कारण ब्लो अप म्हणजे स्फोटाने उडवणे, फुग्यात हवा भरणे, एकदम भडकणे आणि हल्ली एखादा व्हिडिओ अचानक खूप गाजणे, असं सगळंच होतं. ऑफिसच्या मेलमध्ये बिल्डिंगच्या फोटोबद्दल लिहिताना 'ब्लो अप द बिल्डिंग पिक्चर' ऐवजी एन्लार्जच बरं. व्याकरणाची एक बाब: सर्वनाम आलं तर ते मधे जातं, 'ब्लो इट अप', 'ब्लो अप इट' कधीच नाही. आणि 'ब्लो समथिंग आउट ऑफ प्रपोर्शन' म्हणजे राईचा पर्वत करणे, तिथे फोटोचा काही संबंध नाही.

प्रिंट करून घेताना मेलमध्ये काय लिहायचं हे पण सांगतो, कारण चुकीचं वाक्य म्हणजे चुकीची प्रिंट. फोटो किती मोठा होईल ते पिक्सेलवर ठरतं. चांगल्या प्रिंटसाठी साधारण ३०० पिक्सेल प्रति इंच धरतात, म्हणजे ३००० बाय २४०० पिक्सेलचा फोटो १० बाय ८ इंच व्यवस्थित येतो. त्यापुढे न्यायचा असेल तर 'कॅन धिस इमेज बी एन्लार्ज्ड टू ट्वेंटी बाय सिक्स्टीन इंचेस विदाउट लूझिंग क्वालिटी?' असं विचारा. हे वाक्य जसंच्या तसं वापरा, काम होतं.

पायरी ५: टू आणि बाय, इथे सगळ्यात जास्त चुका

'एन्लार्ज बाय ५० पर्सेंट' म्हणजे मूळ आकारात ५० टक्के भर, एकूण १५० टक्के. 'एन्लार्ज टू १५० पर्सेंट' म्हणजे शेवटचा आकार १५० टक्के. दोन्हीचा निकाल एकच. पण 'एन्लार्ज टू ५० पर्सेंट' लिहिलंत तर तुम्ही लहान करायला सांगताय, आणि 'एन्लार्ज बाय १५० पर्सेंट' लिहिलंत तर अडीच पट मागताय. म्हणून लक्षात ठेवायचं, टू नंतर शेवटी काय हवं ते, बाय नंतर किती भर घालायची ते. 'एन्लार्ज थ्री टाइम्स' हेही टाळा, तीन वेळा मोठं करायचं की तिप्पट करायचं हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'थ्री टाइम्स द ओरिजिनल साइज' लिहा.

फोटोकॉपी मशिनवर ए-फोर वरून ए-थ्री करायचं तर १४१ टक्के दिसतं, आणि अनेकांना वाटतं की कागद दुप्पट होतोय तर २०० का नाही. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, ए-थ्री २९७ बाय ४२०. प्रत्येक बाजू १.४१ पट झाली की क्षेत्रफळ दुप्पट होतं. मशिन बाजू मोजतं. २०० टक्के दाबलं तर क्षेत्रफळ चौपट, म्हणजे ए-टू एवढं, आणि त्याचा एक तुकडाच तुमच्या कागदावर येणार. इंग्रजीत सूचना देताना पण म्हणूनच 'डबल द साइज' असं मोघम न लिहिता 'एन्लार्ज फ्रॉम ए-फोर टू ए-थ्री' लिहावं.

ज्यांची मुलं ब्रिटिश पद्धतीचं गणित शिकतात त्यांच्यासाठी: भूमितीत एन्लार्जमेंट हा एक ठरलेला ट्रान्सफॉर्मेशन आहे, त्याला सेंटर आणि स्केल फॅक्टर (बाजू किती पट करायची तो आकडा) द्यावा लागतो. आणि स्केल फॅक्टर १/२ असला, म्हणजे आकृती लहान झाली, तरी त्याला एन्लार्जमेंटच म्हणतात. उत्तरात रिडक्शन लिहू नका. अमेरिकन पुस्तकांत याच गोष्टीला डायलेशन म्हणतात.

पायरी ६: मेडिकल रिपोर्टमधला एन्लार्ज्ड

या शब्दाने लोक खूप घाबरतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा. सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये 'लिव्हर इज एन्लार्ज्ड' किंवा 'माइल्डली एन्लार्ज्ड' असं लिहिलेलं असतं. एन्लार्ज्ड म्हणजे अवयव नेहमीच्या मापापेक्षा मोठा दिसला, एवढंच. हे निरीक्षण आहे, आजाराचं नाव नाही. कारण काय ते डॉक्टर बाकीच्या तपासण्या बघून ठरवतात, आणि कारणं साध्यापासून गंभीरपर्यंत काहीही असू शकतात, म्हणून रिपोर्ट दाखवायचाच, नुसता शब्द वाचून मनाने निष्कर्ष काढायचा नाही. यालाच वैद्यकीय भाषेत शेवटी मेगाली लागतं: हिपॅटोमेगाली म्हणजे यकृत मोठं, स्प्लीनोमेगाली म्हणजे प्लीहा मोठी, कार्डिओमेगाली म्हणजे हृदय मोठं. मोठ्या माणसाच्या छातीच्या एक्स-रेत हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त दिसली की साधारण कार्डिओमेगाली असं लिहितात, पण एक्स-रे कसा काढला त्यावरही ते दिसणं बदलतं.

जवळचे शब्द वेगळे ओळखा. डायलेटेड हा शब्द पोकळ्या, नळ्या आणि छिद्रांसाठी, म्हणजे डोळ्याची बाहुली, पित्तनलिका, हृदयाचे कप्पे. डिस्टेंडेड म्हणजे आतून भरून ताणलेलं, पोट किंवा मूत्राशय. स्वोलन म्हणजे सूज, पाय, घोटा, हिरड्या. आणि हायपरट्रॉफी म्हणजे पेशींचा आकार वाढून स्नायू किंवा भिंत जाड होणे. डॉक्टरला इंग्रजीत सांगताना 'माय अँकल इज एन्लार्ज्ड' म्हणण्यापेक्षा 'माय अँकल इज स्वोलन' म्हणा, त्याला लगेच चित्र कळतं. टॉन्सिल आणि लसिका ग्रंथींना मात्र एन्लार्ज्ड आणि स्वोलन दोन्ही चालतं.

व्याकरणाच्या अंगाने बघितलं तर इथे एन्लार्ज कर्माशिवायही येतो, 'द स्प्लीन मे एन्लार्ज', म्हणजे आपोआप मोठी होऊ शकते. वस्तूंच्या बाबतीत असं फारसं वापरत नाहीत.

पायरी ७: एन्लार्ज ऑन, म्हणजे सविस्तर बोलणे

'वुड यू केअर टू एन्लार्ज ऑन दॅट पॉइंट?' म्हणजे त्या मुद्द्यावर जरा सविस्तर सांगाल का. ऑन किंवा अपॉन हवाच. ऑन काढून 'एन्लार्ज युवर पॉइंट' केलं की मजा जाते. हा वापर बराच औपचारिक आहे, सभेत, मुलाखतीत, लेखात शोभतो. रोजच्या वापरात एक्स्पांड ऑन किंवा इलॅबोरेट ऑन जास्त ऐकू येतं आणि तुम्हीही तेच वापरलंत तर काही बिघडत नाही. मात्र कोणी गोष्ट वाढवून सांगत असेल, म्हणजे तिखटमीठ लावून, तर ते यातलं काहीच नाही, ते एक्झॅजरेट.

पायरी ८: कोर्टातला एन्लार्ज

भारतातल्या कोर्टांच्या ऑर्डरमध्ये 'द अॅप्लिकंट बी एन्लार्ज्ड ऑन बेल' असं वाक्य असतं. इथे कोणी मोठं होत नाही, माणूस जामिनावर सुटतो. लार्ज या शब्दात मोकळेपणाचा अर्थ जुनाच आहे, फरार आरोपीला 'अॅट लार्ज' म्हणतात तो याच अर्थाने. बायबलच्या किंग जेम्स भाषांतरात चौथ्या स्तोत्रात 'दाऊ हॅस्ट एन्लार्ज्ड मी व्हेन आय वॉज इन डिस्ट्रेस' आहे, संकटात तू मला मोकळं केलंस. रोजच्या इंग्रजीतून हा अर्थ गेला, कोर्टात टिकला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १४८ चं शीर्षकच एन्लार्जमेंट ऑफ टाइम असं आहे, म्हणजे कोर्टाने दिलेली मुदत वाढवणे. तुम्ही स्वतः साध्या अर्जात मुदत मागत असाल तर एक्स्टेन्शनच लिहा, पण कागदावर एन्लार्ज दिसला तर दचकू नका.

पायरी ९: सराव

रोजची मराठी वाक्यं घ्या आणि क्रियापद झाकून फक्त नाम बघा. मुदत आहे, म्हणजे वेळ, एक्स्टेंड. पगार, आकडा, इन्क्रीज किंवा रेज. बोगदा रुंद करायचाय, वाइडन. दाढी, ग्रो. मुलं, रेज किंवा ब्रिंग अप. ताट वाढलं, सर्व्ह. स्टेजवरचा आवाज स्पीकरमधून, अँप्लिफाय. भिंगातून अक्षर, मॅग्निफाय. धंदा दुसऱ्या शहरात, एक्स्पांड. पासपोर्टचा फोटो भिंतीवर लावायला, एन्लार्ज.

शंका आली तर डिक्शनरीत अर्थ बघून थांबू नका, कोलोकेशन डिक्शनरीत ते नाम उघडा आणि त्याच्यासोबत कुठली क्रियापदं येतात ते बघा. डेडलाइन उघडलं की एक्स्टेंड सापडेल, एन्लार्ज सापडणार नाही. आणि एकाच नामासोबत अनेक क्रियापदं चालत असतील तर कुठे लिहिताय ते बघा. 'स्कोप' घ्या: प्रोजेक्टचा स्कोप वाढवायचा तर ब्रॉडन, वाइडन, एक्स्पांड आणि एन्लार्ज चारही चालतात. अशा ठिकाणी ऑफिसच्या मेलमध्ये एक्स्पांड घ्या, करारात किंवा अधिकृत ठरावात एन्लार्ज घेतलंत तरी चालेल.